उणे चिन्ह

तार्तूत डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं,
नदी कडेकडेने गोठत येते.
तशा एका संध्याकाळी मी तिला उत्तर दिलं.
एकच ओळ :
आधी मॅन्युअल वाच.

कॉफी गार झाली होती.
दिवसातली ती एकविसावी तक्रार होती.
आणि या कामाचा मला कुणी छदामही देत नाही.
कारणं सगळी खरी आहेत.
वाईट वागायला
खोट्यापेक्षा खरी कारणंच जास्त उपयोगी पडतात.

ती वुआहांगी. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरची, तुलिआराची.
तिने चार परिच्छेद लिहिले होते.
सुरुवातीलाच आपल्या इंग्रजीबद्दल माफी,
मग तारीख, वाऱ्याचा वेग, अक्षांश, सगळं जिथल्या तिथे.
समुद्री शेवाळाच्या शेतातून सात तराफे सुटले होते.
ते कुठे गेले असतील म्हणून तिने आमचा प्रोग्रॅम चालवला.
प्रोग्रॅम म्हणाला, वाऱ्याच्या उजवीकडे.
बायका दोन दिवस होड्या घेऊन उजवीकडे शोधत राहिल्या.
तराफे सापडले डावीकडे, खाजणात,
शेवाळ सडून गेल्यावर.
शेवटी तिने विचारलं होतं :
माझंच काही चुकतंय का?

हेल्वी चारचौघांत मला काही बोलली नाही.
रात्री फोन केला.
म्हणाली, उर्मास, तीच ओळ आपल्या भाषेत म्हणून दाखव.

आमच्या भाषेत 'तू' आहे आणि 'तुम्ही'ही आहे.
इंग्रजीत दोघांना एकच शब्द,
त्या आडोशाला मी उभा होतो.
मोठ्याने म्हणून पाहिलं.
'तुम्ही' म्हटल्यावर ती ओळ पुढे सरकेना,
आणि अनोळखी बाईला 'तू' म्हणायला जीभ धजेना.
फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग मी कोड उघडला.
दोन हजार अकरामधली ओळ, माझ्याच हातची :
अक्षांश उणे असला तर चिन्ह पुसून टाका.
तेव्हा ते नीटनेटकं वाटलं होतं.
पृथ्वी फिरते, म्हणून वाऱ्याने ढकललेलं पाणी
उत्तरेत उजवीकडे कलतं, दक्षिणेत डावीकडे.
हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो,
फळ्यावर खडूने दोन बाण काढून.
पण चाचण्यांत काय होतं?
बाल्टिक. उत्तर समुद्र. नॉर्वेची एक खाडी.
इतक्या वर्षांत विषुववृत्ताखालचं ओंजळभर पाणीही
मी त्या प्रोग्रॅमला दाखवलं नव्हतं.

मॅन्युअलही उघडलं.
त्यातही तीच चूक होती,
ठळक अक्षरांत.

माफीचा पहिला मसुदा मोठा झाला.
त्यात कॉफी होती, एकविसावी तक्रार होती.
ते खोडलं.
उरलं ते एवढंच :
वुआहांगी, तुमचं बरोबर आहे.
चूक माझी. दोन्ही चुका माझ्या.
आधीची ओळ पुसावीशी वाटली होती.
हेल्वी म्हणाली, राहू दे,
चिन्हं पुसायची सवय बरी नाही तुझी.

पाच दिवस तिचं उत्तर आलं नाही.
मी दिवसातून किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.
सहाव्या दिवशी दुरुस्ती आली :
उणे चिन्ह परत जागेवर,
आणि एक नवी चाचणी,
नाव दिलेलं 'सात तराफे'.
माफीबद्दल चकार शब्द नाही.
ते मला रास्तच वाटलं.

मार्चमध्ये बर्फ फुटला.
पुंता आरेनासच्या कुणा पोराने प्रश्न विचारला,
आणि या खेपेला उत्तर खरोखरच मॅन्युअलमध्ये होतं.
मी बोटं कीबोर्डवर ठेवली,
शब्द शोधत होतो,
तेवढ्यात खाली तिचं उत्तर उमटलं :
पान अठरा, तळाला.
मलाही सापडायला वेळ लागला होता.